पुस्तकं नऊ, गणित एकही सुटेना

पत्र: मी एफवाय बीएस्सीला आहे, मेजर फिजिक्स. राहते डोंबिवलीला, कॉलेज माटुंग्याला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून. बारावीला फिजिक्सचे मार्क बरे होते. आता इलेक्ट्रोस्टॅटिक्स, म्हणजे स्थिर चार्जचं फिजिक्स, सुरू झालंय. वर्गात डेरिव्हेशन कळतं, पण घरी उदाहरण सोडवायला बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मोबाईलमध्ये नऊ पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, यूट्यूबच्या तीन प्लेलिस्ट अर्ध्यावर पडल्यात. सीनियर म्हणतात ग्रिफिथ्सचं 'इंट्रोडक्शन टू इलेक्ट्रोडायनॅमिक्स' घे, सर म्हणतात हॅलिडे-रेस्निक वाच, मैत्रिणी म्हणतात बाजारातल्या नोट्स पुरतात. हजार-बाराशेच्या वर खर्च झेपणार नाही. नेमकं काय वाचू?

उत्तर: दहावी पीडीएफ उतरवू नकोस, एवढं आधी सांगतो. तू नेमकी कुठे अडतेस हे कळल्याशिवाय पुस्तकाचं नाव सुचवणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं. 'पहिली ओळ सुचत नाही' ही तक्रार तीन वेगवेगळ्या कारणांनी होते आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी खालची तीन गणितं फोन बाजूला ठेवून कागदावर सोडव. कूलंबच्या नियमातला स्थिरांक के हा ९ × १० चा नववा घात धर.

पहिलं: आरंभबिंदूवर अधिक ५ नॅनोकूलंब आणि एक्स अक्षावर ६ सेंमीवर उणे ५ नॅनोकूलंब चार्ज आहे. (३ सेंमी, ४ सेंमी) या बिंदूवर फील्ड किती आणि कोणत्या दिशेला? तिथलं पोटेन्शियल किती?

दुसरं: २० सेंमी लांबीच्या बारीक दांडीवर ८ नॅनोकूलंब चार्ज एकसारखा पसरलाय. दांडीच्या मध्यापासून काटकोनात १० सेंमीवर फील्ड किती?

तिसरं: १० सेंमी त्रिज्येच्या भरीव इन्सुलेटिंग गोळ्यात ८ नॅनोकूलंब चार्ज एकसारखा भरलाय. केंद्रापासून ५ सेंमीवर फील्ड किती?

उत्तरं अशी. पहिल्याचं फील्ड २१,६०० न्यूटन प्रति कूलंब, अधिक एक्स दिशेला, आणि पोटेन्शियल शून्य. दुसऱ्याचं सुमारे ५,०९०. तिसऱ्याचं ३,६००.

पहिल्यातच अडलीस तर विद्यापीठाच्या पुस्तकांना अजून हात लावू नकोस. तुझी अडचण व्हेक्टरची आहे. बालभारतीच्या अकरावीच्या फिजिक्समधलं दुसरं प्रकरण व्हेक्टर आणि कॅल्क्युलसच्या तोंडओळखीचं आहे, दहावं इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं. बारावीच्या पुस्तकातलं आठवं प्रकरणही तेच. दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. त्याला जोड म्हणून एनसीईआरटीच्या बारावीच्या पहिल्या भागातली पहिली दोन प्रकरणं घे. तीही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि एकेका प्रकरणाची फाईल हलकी असल्यामुळे फोनवर चटकन उघडते. वाचत बसू नकोस. सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडव आणि मग उघडून ताडून बघ. तीन-चार दिवसांचं काम आहे, आणि बारावीला बरे मार्क होते म्हणतेस तर त्याहून कमीच लागेल.

पहिल्या गणितात एक गोष्ट मुद्दाम ठेवली आहे: पोटेन्शियल शून्य असून फील्ड २१,६०० आहे. हे बघून बिचकली असशील तर एनसीईआरटीचं दुसरं प्रकरण सावकाश वाच. पोटेन्शियल शून्य म्हणजे फील्ड शून्य असा घोळ पहिल्या वर्षात सर्रास होतो. उलटा घोळही तितकाच होतो. चार्ज दिलेल्या पोकळ धातूच्या गोळ्याच्या आत फील्ड शून्य असतं, पण पोटेन्शियल पृष्ठभागावर असतं तेवढंच आतही असतं.

आमचा अंदाज मात्र असा की पहिलं गणित तुला जमेल आणि गाडी दुसऱ्यात अडेल. बहुतेकांची तिथेच अडते. कारण बारावीपर्यंत इंटिग्रल तयार करून दिलेला असतो, तो फक्त सोडवायचा. इथे तो आपणच मांडायचा असतो. वर्गात डेरिव्हेशन कळतं आणि घरी हात चालत नाही, याचं कारण नव्वद टक्के हेच. सरांनी फळ्यावर मांडणी केली तेव्हा प्रत्येक ओळ पटते, पण आधी काय ठरवलं आणि का, ते वहीत उतरत नाही.

म्हणून दुसरं गणित जरा उलगडून बघू. दांडी एक्स अक्षावर ठेव, मध्य आरंभबिंदूवर. फील्ड हवं तो बिंदू वाय अक्षावर १० सेंमीवर. आता दोन जागा वेगळ्या ओळख: चार्जचा तुकडा जिथे आहे ती, आणि फील्ड जिथे मोजायचं ती. पहिली इंटिग्रेशनमध्ये सरकत राहते, दुसरी जागची हलत नाही. या दोघींना एकच अक्षर दिलं की गणित तिथेच संपतं. ग्रिफिथ्सने दोघींमधल्या अंतराला वळणदार लिपीतला वेगळाच आर दिलाय तो याचसाठी. पोरं त्याला वैतागतात, पण तो फार कामाचा आहे.

८ नॅनोकूलंब २० सेंमीवर पसरलेत, म्हणजे दर मीटरला ४० नॅनोकूलंब. हा लॅम्डा. छोट्या तुकड्यावरचा चार्ज म्हणजे लॅम्डा गुणिले डीएक्स. बिंदूपासूनचं त्याचं अंतर पायथागोरसने. डावीकडच्या प्रत्येक तुकड्याला उजवीकडे जोडीदार आहे, त्यामुळे आडवे घटक एकमेकांना खातात आणि उभे तेवढे उरतात. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या फील्डला कोनाच्या कोसाइनने, म्हणजे १० सेंमी भागिले त्या तुकड्याचं अंतर याने, गुणायचं. मग उणे १० सेंमीपासून अधिक १० सेंमीपर्यंत इंटिग्रेट करायचं. एक्सच्या जागी १० सेंमी गुणिले टॅन थीटा घातलं की दोन ओळींत सुटतं.

आता तुझं उत्तर चुकलं असेल तर चुकलेला आकडाच सांगतो कुठे चुकलं ते. ५,६५५ आलं असेल तर कोसाइन विसरलीस, दिशा न बघता फील्डच्या किमती नुसत्या जोडल्यास. २,५४५ आलं असेल तर मर्यादा शून्य ते १० घेऊन दुप्पट करायचं राहिलं. अर्ध्याच्या आसपास, म्हणजे ०.५१ आलं असेल तर सेंमीचे मीटर केले नाहीस. ७,२०० आलं असेल तर सगळा चार्ज मध्यावर गोळा करून साधा कूलंबचा नियम लावलास. (गंमत अशी की दांडी अनंत लांब आहे असं धरून गाऊसचा नियम लावलास तरी इथे ७,२०० च येतात. दांडीची लांबी अंतराच्या बरोब्बर दुप्पट असल्यामुळे हा योग जुळून आलाय. दोन चुकीच्या वाटांनी एकच उत्तर आलं म्हणजे ते बरोबर, असं समजू नये.)

कुठलंही असं उत्तर आलं की दोन टोकांना तपासायची सवय लाव. याच दांडीपासून २ मीटर लांब गेलीस तर ती बिंदूसारखी दिसायला हवी. सूत्रात २ मीटर घाल, १७.९८ येतात आणि बिंदू धरून १८. जमलं. आता अगदी जवळ, १ सेंमीवर ये. इथून दांडी जवळपास अनंत भासायला हवी. सूत्राने सुमारे ७१,६४० आणि अनंत दांडीच्या सूत्राने ७२,०००. हेही जमलं. दोन्ही टोकं जुळली की मधलं सूत्र बहुधा बरोबर असतं. परीक्षेत ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

इंटिग्रल म्हणजे नुसती बेरीज हे पटत नसेल तर फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये ती बेरीज करून बघ. दांडीचे २ सेंमीचे १० तुकडे कर, प्रत्येकावर ०.८ नॅनोकूलंब. तुकड्यांचे मध्य १, ३, ५, ७ आणि ९ सेंमीवर, दोन्ही बाजूंना. प्रत्येकाचा उभा घटक काढ. १ सेंमीवरच्या तुकड्याचा ७०९ येतो, ९ सेंमीवरच्याचा २९६. दहांची बेरीज साधारण ५,०९७ होते. इंटिग्रलचं उत्तर ५,०९१. फक्त दहा तुकड्यांत एवढं जवळ येतं. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की डीएक्सची भीती जाते, आणि ती कुठल्याही व्हिडिओने जात नाही.

या टप्प्यासाठी वाचायचं काय? ओपनस्टॅक्सचं 'युनिव्हर्सिटी फिजिक्स', दुसरा खंड. कायदेशीर आणि पूर्ण फुकट. पाचवं प्रकरण चार्ज आणि फील्डचं, सहावं गाऊसचं, सातवं पोटेन्शियलचं, आठवं कपॅसिटन्सचं. पाचव्यातला पाचवा भाग नेमका याच मांडणीवर आहे: दांडी, कडी, तबकडी. पूर्ण पीडीएफ फोनला जड जाते, त्यापेक्षा संकेतस्थळावर एकेक भाग उघड. विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं शेवटी आहेत, म्हणून आधी विषमच सोडव.

सर म्हणतात ते हॅलिडे-रेस्निकही याच पातळीचं आहे आणि तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत नक्की असेल. वॉकर यांचं नाव असलेल्या आवृत्तीत २१ ते २५ ही प्रकरणं आपली. क्रेन यांचं नाव असलेली आवृत्ती वेगळी, तिच्यात प्रकरणांचे क्रमांक जुळणार नाहीत. वॉकरच्या आवृत्तीत मजकुरात मधेमधे 'चेकपॉइंट' नावाचे छोटे प्रश्न आहेत. कागद-पेन न लागणारे, निव्वळ डोकं चालवायचे. डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळालं तर हेच कर. डेरिव्हेशन गाडीत करू नकोस, अर्धवट राहतं आणि 'झालं' असं वाटत राहतं. ओपनस्टॅक्स आणि हॅलिडे यांतलं एकच धर. दोन्ही समांतर चालवण्यात काही हशील नाही, मांडणी जवळजवळ तीच आहे.

आता तिसरं गणित. इथे अडणाऱ्यांना गाऊसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे फील्डचा प्रवाह, आतल्या चार्जच्या प्रमाणात असतो) पाठ असतो, तो कधी उपयोगी पडतो ते माहीत नसतं. नियम सगळीकडे खरा आहे, पण फील्ड काढायला तो तीनच ठिकाणी कामाला येतो: गोलाकार, दंडगोल आणि सपाट पत्रा अशी सिमेट्री असेल तिथे. आपल्या २० सेंमीच्या दांडीभोवती सिलिंडर काढलास तर फ्लक्स बरोबर मिळेल, पण सिलिंडरच्या पृष्ठभागावर फील्ड सगळीकडे सारखं नसल्यामुळे ते इंटिग्रलच्या बाहेर काढता येणार नाही. 'बाहेर काढता येतं का?' हा एक प्रश्न आधी विचारायचा. उत्तर नाही आलं तर गाऊस सोडून सरळ बेरजेवर यायचं.

गोळ्यात ५ सेंमी त्रिज्येचा काल्पनिक गोल काढलास की आत अडकलेला चार्ज आकारमानाच्या प्रमाणात, म्हणजे एक अष्टमांश, १ नॅनोकूलंब. तो केंद्रावर आहे असं धरून ५ सेंमीवरचं फील्ड ३,६००. पृष्ठभागावर ते ७,२०० आहे, म्हणजे आत ते अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत जातं. उत्तर ७,२०० आलं असेल तर एक चतुर्थांश धरलंस, त्रिज्येचा घन घ्यायचा तिथे वर्ग घेतलास. २८,८०० आलं असेल तर पूर्ण ८ नॅनोकूलंब आत मोजलेस.

आणि प्रश्नात 'इन्सुलेटिंग' ऐवजी 'कंडक्टिंग' असतं तर उत्तर शून्य. गणित वाचताना 'युनिफॉर्म', 'कंडक्टिंग', 'ग्राउंडेड', 'थिन', 'इन्फिनिट' असे शब्द आले की त्यांखाली रेघ मार. सगळं गणित त्या एका शब्दावर फिरतं. सपाट पत्र्याचंही तेच: नुसत्या चार्ज पसरलेल्या पातळ पत्र्याचं फील्ड सिग्मा (दर चौरस मीटरवरचा चार्ज) भागिले दोन एप्सिलॉन शून्य, तर धातूच्या पृष्ठभागालगतचं सिग्मा भागिले एप्सिलॉन शून्य. हा दोनचा फरक कुठून आला ते एकदा स्वतः चित्र काढून समजून घे: धातूच्या आत फील्ड शून्य असतं, त्यामुळे सगळा फ्लक्स एकाच बाजूने बाहेर पडतो. पाठ केलास तर परीक्षेत नेमका उलटा आठवेल.

गाऊसबाबत आणखी एक गैरसमज: पृष्ठभागावरचं फील्ड फक्त आतल्या चार्जमुळे असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फील्ड आतल्या-बाहेरच्या सगळ्यांचं मिळून असतं, फक्त बाहेरच्यांचा एकूण फ्लक्स शून्य होतो. हे डोळ्यांनी बघायचं तर कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' (पडद्यावर प्रयोग करून बघायचं संकेतस्थळ) उघड आणि त्यातलं 'चार्जेस अँड फील्ड्स' घे. फुकट आहे, फोनवर चालतं. नुसतं खेळू नकोस, आकडे काढून खेळ. एक अधिक १ नॅनोकूलंबचा चार्ज ठेव, टेपने १ मीटर मोज आणि तिथे व्होल्टेजचं यंत्र ने. ९ व्होल्टच्या आसपास दिसेल. २ मीटरवर साडेचार. पिवळा सेन्सर तिथेच ठेवलास तर फील्ड ९ वरून सव्वादोनवर आलेलं दिसेल, कारण पोटेन्शियल अंतराने घटतं आणि फील्ड अंतराच्या वर्गाने. मग तुझं पहिलं गणित तिथे मांड. फक्त सेंमीऐवजी सोयीचं मोठं अंतर घे.

आता ग्रिफिथ्स. सीनियर चुकीचं सांगत नाहीत, फक्त घाई करतायत. विकत घ्यायचंच तर हेच घे, कारण इलेक्ट्रोडायनॅमिक्सला पुढच्या वर्षांतही लागेल. पण सुरुवात त्याने करू नकोस. अपवाद पहिल्या प्रकरणाचा. ते निव्वळ व्हेक्टर कॅल्क्युलसचं आहे आणि एवढं आटोपशीर दुसरीकडे क्वचित मिळतं. त्यातले पहिले चार भाग वर्गात डायव्हर्जन्स आणि कर्ल (फील्ड किती पसरतं आणि किती वळतं ते मोजायच्या क्रिया) सुरू होण्याआधी करून टाक. पाचवा, डिरॅक डेल्टाचा, नंतर. दुसरं प्रकरण इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं. ते ओपनस्टॅक्सची पाच-सहा-सात झाल्यावर घे, मग मजा येते. एक खाच लक्षात ठेव: ग्रिफिथ्समध्ये थीटा झेड अक्षापासून मोजतात आणि फाय एक्स-वाय पातळीत. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत हे नेमकं उलटं असतं. मॅथ्सच्या वहीतलं सूत्र उचलून फिजिक्समध्ये लावलंस तर साइन थीटा भलत्याच जागी जाऊन बसतो.

खरेदीसाठी लांब जायची गरज नाही. कॉलेज माटुंग्याला आहे, तर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते हाकेच्या अंतरावर. तिथे नाही मिळालं तर फोर्टात हुतात्मा चौकाकडे. घेण्यापूर्वी आवृत्ती बघ. तिसरी किंवा चौथी, अभ्यासाला दोन्ही चालतात, पण गणितांचे क्रमांक पुष्कळ ठिकाणी वेगळे आहेत. सरांनी 'दोन पॉइंट अमुक सोडवून आणा' म्हटलं तर आधी विचार, कुठल्या आवृत्तीतलं. आतल्या मुखपृष्ठांवर सूत्रांचे तक्ते आहेत, ती पानं जागेवर आहेत ना ते बघ. जुन्या प्रतींत नेमकी तीच फाटलेली असतात.

फुटपाथवर पर्सेलचं बर्कली मालिकेतलं पुस्तकही स्वस्तात दिसेल. पुस्तक अप्रतिम आहे, पण जुन्या आवृत्त्या गाऊसियन एककांत आहेत. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एसआय एककं आली. ओळखायचं कसं? कूलंबच्या नियमाचं पान उघड. चार पाय एप्सिलॉन शून्य कुठेच दिसत नसेल तर ती जुनी. त्यात गाऊसच्या नियमात चार पाय येतो, चार्ज कूलंबमध्ये नसतो, फील्ड व्होल्ट प्रति मीटरमध्ये नसतं. पहिल्या वर्षी दोन एककपद्धती एकत्र चालवायला गेलीस तर डोक्याचा भुगा होईल. जुनी प्रत मिळालीच तर दोन वर्षांनी वाच.

फाइनमन यांच्या लेक्चर्सचा दुसरा खंड कॅलटेकच्या संकेतस्थळावर पूर्ण फुकट वाचता येतो. चौथं आणि पाचवं प्रकरण आपल्या कामाचं. पण तो एखादा भाग शिकून झाल्यावर वाचायचा, त्याने सुरुवात केली तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि गणित तरीही सुटत नाही.

व्हिडिओंबद्दल थोडं परखड बोलतो. तुझ्या तीन अर्धवट प्लेलिस्ट सोडून दे. जेईईच्या तयारीचे व्हिडिओ हिंदीत भरपूर आहेत आणि कूलंब, पोटेन्शियल, कपॅसिटर यांची गणितं त्यांत छान असतात, पण त्यांचा भर शॉर्टकटवर. तुझ्या पेपरात डेरिव्हेशन पायरीपायरीने मागतात, आणि डायव्हर्जन्स, कर्ल तिथे मिळणार नाही. विद्यापीठाच्या पातळीचं हवं तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची व्याख्यानं आहेत, आणि एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ८.०२ या क्रमांकाचा अभ्यासक्रम, नोट्स आणि गणितांसकट. यांतलं एकच निवड. बघताना उदाहरण आलं की व्हिडिओ थांबव, वहीत सोडव, मग पुढे जा. तासाच्या व्याख्यानाला दोन तास लागले तर ते बरोबर चाललंय.

बाजारातल्या नोट्स परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, प्रश्नाचा साचा बघायला वापर. त्यांत छपाईच्या चुका असतात, घातांकांत जास्तच, आणि शिकायला सुरुवात करतानाच चूक पाठ झाली तर निघता निघत नाही. चॅटबॉटला विचारतेस का ते लिहिलेलं नाहीस, पण विचारत असशील तर मांडणी विचार, उत्तर नको. त्याचं उत्तर वर सांगितलेल्या दोन टोकांच्या तपासणीतून काढल्याशिवाय वहीत उतरवू नकोस. दिशा, चिन्हं आणि इंटिग्रलच्या मर्यादा इथे ते आत्मविश्वासाने चुकतं.

लायब्ररीत एक चौकशी कर. पुष्कळ कॉलेजं 'एन-लिस्ट' या योजनेची सभासद असतात आणि तिच्यातून विद्यार्थ्यांना हजारो ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात, पण लॉगिन ग्रंथपालांकडून मागून घ्यावं लागतं. कोणी मागत नाही म्हणून कोणी सांगत नाही. तिथेच मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघ. मात्र नवीन शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं आणि विभागणी बदलली आहे, तेव्हा आधी तुझ्या सध्याच्या सिलॅबसची प्रत जवळ ठेव आणि जुन्या पेपरातले त्यातच बसणारे प्रश्न निवड. सिलॅबसच्या शेवटी संदर्भपुस्तकांची यादी असते. सर प्रश्न काढताना बहुधा तिच्यातूनच काढतात.

प्रयोगांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी एक सांगायला हवं. चिकटपट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी चिकटवून झटकन उचलले की ते एकमेकांपासून दूर पळतात. एकावर एक चिकटवून, उचलून, मग वेगळे केले तर एकमेकांकडे ओढले जातात. पाच मिनिटांत दोन प्रकारचे चार्ज हातात येतात. पण पावसाळ्यात मुंबईत हे फसतं आणि पोरांना वाटतं आपलंच चुकलं. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून वाहून जातो. एसी चालू असलेल्या खोलीत कर, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत. कॉलेजच्या लॅबमध्ये इलेक्ट्रोस्कोपची पानं उघडेनाशी झाली तर आधी त्याचा इन्सुलेटर कोरड्या कापडाने पुसून बघ.

तेव्हा या शनिवारी तिन्ही गणितं कर आणि कुठे अडलीस त्याप्रमाणे बालभारती, ओपनस्टॅक्स किंवा गाऊसचं प्रकरण उघड. बाकीच्या आठ पीडीएफ फोनमधून काढून टाक, जागाही होईल. अडलंच तर सरांकडे जाताना 'समजलं नाही' म्हणू नकोस, अर्धवट सोडवलेला कागद पुढे कर आणि शेवटच्या बरोबर ओळीवर बोट ठेव. आम्हालाही पुन्हा लिहिलंस तर तेच कळव: तिसऱ्या गणितात गोल निवडताना अडलीस की आतला चार्ज मोजताना.